चार बोटं वर

१

मस्कतपासून दोन तासांवरच्या निझवाच्या जुन्या सूकमधली, म्हणजे बाजारातली, दुकानं साडेआठला उघडत, पण सिराज आठलाच खाली उतरे. आधी शटर अर्धंच वर करायचं, म्हणजे ऊन आत येत नाही. मग दारापुढे पाणी शिंपडायचं, लोबानाचा खडा निखाऱ्यावर टाकायचा आणि पिवळं फडकं घेऊन भिंतीवरच्या बंदुका एकेक करून पुसायच्या. डावीकडून उजवीकडे. एकूण आठ. त्यांतल्या सात वातीच्या, तिथली जुनी माणसं लग्नाकार्यात उडवतात तसल्या. आठवी चकमकीची. तिच्या घोड्याच्या तोंडात वातीऐवजी गारगोटीचा तुकडा धरलेला होता. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासायची आणि ठिणगी पडायची.

सिराज मूळचा सुतार, रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातला. एकोणीस वर्षं तो या दुकानात बंदुकांचे मोडके दस्ते दुरुस्त करत होता. पण एकही बंदूक त्याने कधी उडवली नव्हती. दुकानाचे मालक अर्बाब हमूद दरवर्षी एकदा तरी उडवतोस का म्हणून विचारत, आणि सिराज दरवर्षी हसून मान हलवत असे.

त्या वर्षी मात्र तो हो म्हणाला. अठ्ठ्याण्णव साल होतं. दोन महिन्यांपूर्वी त्याची बायको खुदेजा व्हिजिटवर आली होती. दुकानाच्या वरच्या खोलीत आता दोन माणसांचं जेवण शिजत होतं. खुदेजाने येताना गावाहून हिराची केरसुणी आणली होती, कारण प्लास्टिकच्या झाडूने झाडल्यासारखं वाटत नाही असं तिचं म्हणणं. सकाळी वरून त्या केरसुणीचा सर्र, सर्र आवाज आला की सिराज फडकं हातात धरून तसाच उभा राहायचा. एकोणीस वर्षं हा आवाज नव्हता, आणि तो नव्हता हेही त्याला तोवर कळलं नव्हतं.

"तिला ठेवून घे," अर्बाब एकदा चहा पिताना म्हणाले. पांढरी दाढी, मऊ आवाज, हिंदी आणि अरबी मिसळलेली भाषा. "कागद मी करतो. पण माझं एक काम कर. बंदुका उडवून दाखवणारा आमचा म्हातारा बलुशी आता डोळ्यांनी गेला. बंदूक उडवून दाखवल्याशिवाय विकायची नाही, ही माझ्या आजोबांची रीत. खाबुरा गावचं गिऱ्हाईक या चकमकीसाठी थांबलंय, मुलाच्या लग्नात हवीय त्याला. तू शीक. तीन गुरुवार वादीत जायचं. खलास."

सिराजने वर जिन्याकडे पाहिलं. केरसुणीचा आवाज येत होता.

"शिकतो, अर्बाब," तो म्हणाला.

२

वादी म्हणजे सुकलेल्या नदीचं पात्र, नुसते गोटे आणि बाभळी. अर्बाबनी साठ पावलांवर खजुराची फळी उभी केली आणि बंदूक सिराजच्या हातात दिली.

"पहिली गोष्ट. बंदूक रिकामी की भरलेली, हे तोंडाने विचारायचं नाही. गजाला विचारायचं."

गज म्हणजे नळीत दारू ठासायची लांब काठी. अर्बाबनी तो नळीत सोडला. तो सरसरत तळाला गेला आणि आतून बारीक, स्वच्छ आवाज आला. टिंग. गजावर चाकूने खूण कोरलेली होती, ती नळीच्या तोंडाशी बरोबर टेकली.

"ही रिकामी. आता भर."

मापाने दारू ओतली. तेलकट चिंधीत शिशाची गोळी ठेवली, नळीच्या तोंडावर बसवली आणि गजाने खाली ठासली. हळू, मग जोरात. ठक. ठक. शेवटी गज जागच्या जागी उडाला. खूण आता नळीच्या तोंडापासून चार बोटं वर होती.

"चार बोटं वर म्हणजे आत मरण बसलंय," अर्बाब म्हणाले आणि स्वतःच हसले. "आता कानात रंजक."

नळीच्या बाजूला बारीक भोक होतं, तो कान. त्याच्याशेजारच्या वाटीत चिमूटभर बारीक दारू टाकायची, ती रंजक. ठिणगी आधी तिला लागते, मग आग कानातून आत जाते.

"आणि ऐक. चाप ओढलास की लगेच उडणार नाही. मध्ये एक श्वास जातो. त्या श्वासात हलायचं नाही. शिकाऊ माणूस तिथेच चुकतो. वाटीत जाळ दिसला की त्याला वाटतं झालं, आणि तो बंदूक वळवतो."

सिराजने चाप ओढला. डोळ्यांपुढे पिवळा भपका उठला. मग तो श्वास. तेवढ्या वेळात त्याला वादी दिसेनाशी झाली, शेणाने सारवलेली जमीन दिसली आणि तिच्यावर अर्धवट गोळा केलेला केर. मग खांद्याला धक्का बसला आणि सगळीकडे धूर झाला.

फळीला भोक पडलं होतं, मधोमध.

"माशाल्ला!" अर्बाब ओरडले. मग डोळे बारीक करून म्हणाले, "सिराज, खूण कुठे बघायची ते मी सांगायच्या आधीच तुझा अंगठा तिथे गेला होता. आधी कधी हातात धरलीयस?"

"नाही, अर्बाब."

परत आल्यावर त्याने नळी गरम पाण्याने धुतली, वाळवली, तेल लावलं. गज सोडून पाहिला. टिंग. तेव्हा कुठे बंदूक भिंतीवर टांगली.

३

शनिवारी सकाळी फडकं फिरवताना त्याने सहज चकमकीच्या बंदुकीत गज सोडून पाहिला. असं तो एरवी कधी करत नसे.

गज ठप करून थांबला. खूण चार बोटं वर.

सिराजने गज बाहेर काढला, लुंगीला पुसला आणि पुन्हा सोडला. ठप. चार बोटं.

रात्रीपासून शटरला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्या कमरेला. अर्बाब मस्कतला गेले होते. मीच विसरलो असेन, त्याने स्वतःशी म्हटलं. वादीत दोनदा भरली असेल आणि एकदाच उडवली असेल. पण मग धुताना पाणी कानातून आरपार कसं गेलं? आणि गुरुवारी टिंग वाजलं ते काय वाजलं?

त्याने गजाच्या टोकाला स्क्रू लावला आणि माल उपसून काढला. गोळी आली, चिंधी आली, मग कोरडी काळी दारू कागदावर सांडली. दुकानातल्या दारूच्या डब्याला त्याने आतून पेन्सिलची रेघ मारलेली होती. दारू रेघेलाच होती. एक चिमूटही कमी झालेली नव्हती.

चिंधी त्याने नाकाशी नेली. अर्बाब मेंढीची चरबी वापरत. या चिंधीला खोबरेल तेलाचा वास होता.

शेजारच्या गाळ्यात गजेंद्र एसी दुरुस्त करी. गुहागरकडचा, तोंडाने मोकळा माणूस. सिराजने त्याला सांगितलं, पण हसत हसत, म्हणजे तो हसला तर बरं वाटेल.

"चाचा, उंदीर असेल," गजेंद्र म्हणाला.

"उंदीर गोळी ठासतो?"

"निझवाचा उंदीर आहे चाचा, हलका समजू नका. कमरेला खंजीरपण असेल त्याच्या." मग सिराजचा चेहरा बघून त्याने पान्हा खाली ठेवला. "अहो, तुम्हीच भरली असेल. वय होतं, विसरतो माणूस. माझे वडील चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधायचे."

हे सिराजला पटलं. पटवून घेतलं म्हणा. त्या दिवसापासून गज भिंतीवर न ठेवता तो वरच्या खोलीत पेटीत ठेवू लागला, कुलूप लावून.

४

एक ते चार सूक बंद असे. उन्हात रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे. सिराज आणि खुदेजा जेवून वरच्या खोलीत आडवे होत, एसी घरघरत असे.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी खुदेजा उठून बसली.

"अहो, खाली कोण कुटतंय?"

सिराज जागाच होता. एसीच्या घरघरीखाली त्यालाही ऐकू येत होतं. ठक. ठक. सावकाश, कामात मुरलेल्या हाताने चाललेलं. मग एक हलका ठोका, गज जागच्या जागी उडाल्यासारखा. मग शांत.

"गजेंद्र असेल," तो म्हणाला.

"गजेंद्र मस्कतला गेलाय, सकाळी तुम्हीच म्हणालात."

त्याने पेटीकडे पाहिलं. कुलूप जागेवर होतं. तो खाली उतरला नाही. चार वाजेपर्यंत पायांत चपला घालून पलंगाच्या काठावर बसून राहिला.

"खुदेजा, मी दुपारी झोपेत उठतो का गं?"

"तुम्ही? तुम्ही घोरता. उठलात तर मलाच जरा झोप लागेल."

ती हसली आणि चहा ठेवायला गेली. सिराजला बरं वाटलं, आणि लगेच वाटेनासं झालं. आपणच झोपेत हे करतो, असं कुणी शाबीत करून दिलं असतं तर त्याने त्या माणसाचे पाय धरले असते.

चारला शटर वर केलं. पेटीतला गज आणून नळीत सोडला. चार बोटं वर.

या वेळची चिंधी त्याने उजेडात उलगडली. हिरवं कापड, त्यावर पांढरे ठिपके. दारूने काळवंडलं होतं, तरी ठिपके दिसत होते.

तो स्टुलावर बसला.

गावच्या घरी त्याच्या अब्बांकडे ठासणीची बंदूक होती. डुकरं शेत नासत म्हणून परवान्याची. गोळीसाठी चिंध्या कापायचं काम थोरल्या बहिणीचं, नूरबानूचं, म्हणजे त्याच्या बुबूचं. जुन्या ओढण्यांच्या गोल चकत्या ती कापायची आणि खोबरेलात भिजवून डबीत ठेवायची. सिराज तेव्हा विशीत होता. एक दिवस अब्बांना न विचारता त्याने बंदूक भरली, डुक्कर काही आलं नाही, आणि त्याने ती तशीच कोपऱ्यात टेकवून ठेवली. दारू फुकट घालवली म्हणून अब्बा ओरडतील, म्हणून बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवत होता. नूरबानू झाडत झाडत कोपऱ्यापर्यंत आली आणि तिने विचारलं, "भरलेली नाय ना रं?"

"नाय," तो म्हणाला. तोंडात घास होता.

अब्बांनी तिच्या मरणाचा दोष आपल्यावर घेतला. त्यांना खरंच वाटत होतं की गज टाकून बघायला आपणच विसरलो. मरेपर्यंत वाटत होतं. सिराजने कुणालाच सांगितलं नाही. खुदेजालाही नाही. तिला एवढंच ठाऊक होतं की नणंद लग्नाआधी वारली.

नूरबानूची शेवटची ओढणी हिरवी होती. पांढऱ्या ठिपक्यांची.

५

तिसरा गुरुवार झाला. तिन्ही गोळ्या फळीत लागल्या. त्या श्वासात हलायचं नाही हे सिराजला आता जमू लागलं होतं, पण त्या श्वासात जे दिसे ते दर वेळी थोडं जास्त दिसे. केराच्या बाजूला आता एक अनवाणी पाऊल दिसू लागलं होतं.

शनिवारी अर्बाब कागद घेऊन आले. सही केलेला, शिक्का मारलेला. "घे. पुढच्या आठवड्यात तिचा पासपोर्ट दे. आता ती तुझी म्हातारपणाची काठी. यल्ला, चहा सांग."

सिराजने कागद कपाळाला लावला. सकाळीच त्याने माल उपसून बंदूक रिकामी केली होती. गज दोनदा सोडून पाहिला होता. दोन्ही वेळा टिंग. ही बातमी खुदेजाला गोड खायला घालून सांगावी म्हणून तो हलवा आणायला कोपऱ्यावर गेला. दहा मिनिटंही लागली नसतील.

परत आला तर वरून केरसुणीचा आवाज येत नव्हता. आवाज दुकानातून येत होता. खुदेजा खाली उतरून झाडत होती. चकमकीची बंदूक भिंतीवरून काढून तिने कोपऱ्यात टेकवली होती, आणि ती झाडत झाडत त्या कोपऱ्याकडेच चालली होती.

"किती जळमटं ही भिंतीला," ती म्हणाली. "अहो, ही भरलेली नाही ना?"

सिराजच्या हातात हलव्याचा डबा होता. सकाळी स्वतः रिकामी केली होती. दोनदा टिंग वाजलं होतं.

"नाही," तो म्हणाला.

म्हटलं आणि त्याच्या कानात सूं सुरू झालं. "थांब. हात लावू नकोस. आधी बाजूला हो." डबा टाकून तो पुढे झाला, तिला खांद्याला धरून मागे लोटलं, वर धावत जाऊन गज आणला आणि नळीत सोडला.

ठप.

"काय झालं? तोंड कसं झालंय तुमचं?" खुदेजा ओढणीने त्याचा घाम टिपू लागली. ईदला त्याने घेऊन दिलेली नवी जांभळी ओढणी होती. तिच्या टोकाला, अगदी कात्रीने कापावं तसं, रुपयाएवढं गोल भोक होतं. त्या भोकातून सिराजला तिची बोटं दिसली.

"हे कधी फाटलं?"

"अगंबाई! सकाळी तर नव्हतं."

त्याने तिच्यादेखत माल उपसला नाही. आत काय निघणार ते त्याला बघायचं नव्हतं, आणि तिला तर मुळीच दाखवायचं नव्हतं. संध्याकाळी, ती वर नमाजला बसल्यावर, त्याने कानातून पाणी ओतून दारू भिजवली आणि चिंधी डोळे मिटून बाहेर काढली. ती हलव्याच्या कागदात गुंडाळून फलजच्या पाटात, वाहत्या पाण्यात सोडली.

रात्री जेवताना तो म्हणाला, "कागद झाले नाहीत. तुला परत जावं लागेल."

खुदेजा बराच वेळ भात चिवडत राहिली. "अर्बाब तर हसत गेले सकाळी," ती म्हणाली.

"झाले नाहीत," तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारी गजेंद्रच्या पिकअपमधून त्याने तिला सीबच्या विमानतळावर सोडलं. आत जाताना ती म्हणाली, "केरसुणी ठेवून आलेय. रोज झाडत जा." परतताना अल हैल गाव मागे पडल्यावर गजेंद्र म्हणाला, "चाचा, कागद मी बघितला होता तुमच्या गल्ल्यात."

६

ती गेल्यापासून बंदूक गप्प झाली. रोज सकाळी गज सोडायचा, रोज टिंग. दुपारी खाली काही वाजत नव्हतं. वरही काही वाजत नव्हतं. सिराज पलंगावर पडून छताकडे बघत राही. जे काय होतं ते गेलं, खुदेजा लांब आहे, सुखरूप आहे, तो स्वतःला सांगे. खाबुऱ्याचं गिऱ्हाईक रविवारी बंदूक न्यायला येणार होतं.

शुक्रवारी दुपारी कार्ड घेऊन तो मशिदीजवळच्या फोनच्या बूथमध्ये शिरला. काच तापलेली होती. गावच्या घरी फोन पडवीत होता, भिंतीतल्या फळीवर, आणि त्याची वायर जेमतेम हातभर. तिकडे साडेतीन वाजले असतील. फोन उचलला गेला.

"बरे आहात ना?" खुदेजाचा आवाज खुशीत होता. "जेवलात?"

"जेवलो. तू?"

मग ती गावचं सांगू लागली. विहिरीचं पाणी, शेजारच्या हाफिजाची सून, वाळत घातलेले आंबोशीचे काप. सिराज डोळे मिटून ऐकत होता. तिच्या आवाजामागे सर्र, सर्र चाललं होतं. त्याला बरं वाटत होतं. बऱ्याच वेळाने त्याच्या ध्यानात आलं की त्याला बरं कशामुळे वाटतंय.

"खुदेजा, घरात कोण झाडतंय?"

"घरात? कोणी नाही. मी एकटीच आहे."

"आवाज येतोय."

"तुमच्या लाइनला असेल. मी तर पडवीत उभी आहे फोन धरून."

सर्र, सर्र. सारवलेल्या जमिनीवर हिरांचा आवाज. लाइनचा आवाज असा नसतो, लाइन खरखरते. हा आवाज माजघरातून येत होता आणि पुढे सरकत होता. त्या घराचं प्रत्येक पाऊल सिराजला पाठ होतं. चूल गेली. कणगी गेली. आता कोपरा.

आवाज थांबला.

फोनमध्ये, खुदेजाच्या श्वासाच्या मागे, कुणीतरी अगदी रोजच्या सुरात विचारलं, "भरलेली नाय ना रं?"

बूथच्या काचेबाहेर पांढरं ऊन होतं. एक शेळी सावली शोधत भिंतीला घासत चालली होती. सिराजला वाटलं, वाटीत जाळ दिसून गेलाय, आणि हा तो मधला श्वास आहे. चाळीस वर्षं तो याच श्वासात उभा होता. हलायचं नाही.

"भरलेली हाय," तो म्हणाला. मग मोठ्याने पुन्हा म्हणाला. "बुबू, हात लावू नको. भरलेली हाय. मीच भरली. अब्बांनी नाय, मी भरली. मी खोटं सांगितलं तुला."

"अहो!" खुदेजा घाबरून म्हणाली. "काय बोलताय? कोण बुबू? मी कुठे काय विचारलं?"

तो ऐकत होता. आत माजघरात, लांबवर, काहीतरी धातूवरून सरसरत खाली गेलं, सावकाश, कुणाच्याही शब्दावर न विसंबणाऱ्या माणसाने बघावं तसं. आणि चार बोटं अलीकडे थांबलं.

ठप.

"आता हे काय पडलं?" खुदेजा म्हणाली. "थांबा, मी बघून येते."

"जाऊ नकोस. तिथेच उभी राहा. माझ्याशी बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही बोल. आंबोशीचं सांग."

ती सांगू लागली. आणि तिच्या बोलण्यामागे केरसुणी पुन्हा सुरू झाली. सर्र, सर्र. सिराजने कान फोनवर इतका दाबला की दुखू लागला. आवाज कोपऱ्याशी घुटमळला. मग कोपरा तसाच सोडून, हळूहळू, दुसऱ्या भिंतीकडे झाडत गेला.